कोठार आणि किटली

वेंडल ओस्टगार्डला गावात कुणी लबाड म्हणत नसे. रस्ते खात्यात ग्रेडर म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र चालवायचा, हिवाळ्यात पहाटे उठून सगळ्यांच्या दारासमोरचा बर्फ ढकलायचा, रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर बसून निवांत झोपायचा. उद्या येतो म्हणाला की उद्याच यायचा. असा सरळमार्गी माणूस एका बाबतीत मात्र आयुष्यात खरं बोलला नव्हता: आपण एल्कच्या शिकारीला कुठे जातो. आणि त्याबद्दल त्याला कुणी नावंही ठेवत नसे. अमेरिकेतल्या आयडाहोच्या त्या डोंगरांत ह्या प्रश्नाला खरं उत्तर देणाऱ्या माणसाच्या कपाळाला हात लावून ताप बघतात.

सप्टेंबरात धनुष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की पेट्रोल पंपावर रोज तेच संभाषण.

"कुठे यंदा?"

"वर."

"वर म्हणजे?"

"खालच्यापेक्षा वर."

ह्यावर दोघंही समाधानाने मान हलवतात आणि कॉफी घेऊन आपापल्या वाटेने जातात. मग दोन्ही गाड्या गावाबाहेर पडून खोट्या दिशांना वळतात, आणि दोघंही आरशात मागे बघत बसतात.

ह्याला कारण आहे. डोंगर सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. कुंपण नाही, फाटक नाही. परवाना काढावा, पाठीवर ओझं घ्यावं आणि वाटेल तिथे जावं. वेंडलला ह्याचा अभिमान होता. राजाची जमीन नाही, सावकाराची नाही, आपली आहे, असं तो छाती पुढे काढून सांगायचा. आणि ह्याच आपल्या जमिनीवर आपल्याच गावचं दुसरं कुणी पाऊल टाकेल ह्या विचाराने त्याला झोप लागायची नाही. ज्या वस्तूवर मालकी सांगता येत नाही ती लपवून ठेवणं एवढंच माणसाच्या हातात उरतं.

वेंडलने एक खोरं लपवलं होतं. नकाशावर त्याला नाव नाही; तो मनातल्या मनात त्याला 'कोठार' म्हणायचा, कारण तिथे कधीही जा, एल्क भरलेलेच. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, घोड्याएवढा. कोठाराच्या अलीकडे, एका खिंडीच्या ह्या बाजूला, किटलीचं खोरं. कुठल्याशा जुन्या खाणवाल्याने झाडाला टांगून ठेवलेली किटली तिथे गंजत होती, त्यावरून ते नाव. किटलीत एल्क नव्हते. ससे होते, तेही निरुत्साही. वेंडल गाडी किटलीच्या वाटेवर लावायचा आणि अंधारात डोंगर चढून खिंडीतून कोठारात उतरायचा. किटलीची माती लाल, कोठाराची राखाडी. म्हणून घरी परतण्याआधी तो बुटांना आणि मारलेलं जनावर वाहून आणायला मागाहून नेलेल्या खेचराच्या खुरांना लाल माती चोपडायचा. मारलेल्या जनावराचा फोटो काढताना मागचा डोंगर ओळखू येऊ नये म्हणून बरोबर निळी चादर न्यायचा आणि ती दोन झाडांना बांधायचा. त्याच्या घरातल्या सगळ्या फोटोंत एल्क लग्नाच्या मांडवात बसल्यासारखे दिसतात.

बायकोला, मार्लिसला, तो सांगून जायचा, "किटलीला जातो." लग्न झालं त्या वर्षापासून हेच. तिला फसवावं असं त्याच्या मनात नव्हतं. पण मार्लिसच्या तोंडात तीळ भिजत नसे. खोटं बोलायची वेळ आली की तिचा चेहरा बिटासारखा लाल व्हायचा. त्यात तिचा सख्खा भाऊ गार्थ. गार्थ दर रविवारी जेवायला यायचा, हकलबेरी ह्या रानफळाच्या गोड 'पाय'चा दुसरा तुकडा घ्यायचा आणि भिंतीवरच्या शिंगांकडे बघत सहज विचारायचा, "मार्लिस, वेंडलने हा कुठे मारला गं?" मार्लिस निर्मळ चेहऱ्याने सांगायची, "किटलीत." गार्थ मान डोलवायचा. किटली सोडून बाकी कुठलाही डोंगर, एवढं त्याला त्यातून कळायचं. सगळ्या गावाला तेवढंच कळायचं. वेंडल किटलीत जातो ह्यावर साऱ्या गावात एकट्या मार्लिसचा विश्वास होता.

त्या वर्षी वेंडल निघाला तेव्हा मार्लिसने त्याच्या छातीवरच्या पट्ट्याला एक यंत्र अडकवलं. काडेपेटीपेक्षा जरा मोठं, वर नारिंगी झाकण, झाकणाखाली बटण. जिवावर बेतलं तर बटण दाबायचं, की उपग्रहामार्फत थेट शेरीफच्या कचेरीत निरोप जातो, अगदी कुठल्या झाडाखाली पडला आहात त्यासकट.

"आता तुझं वय झालं," मार्लिस म्हणाली. "आणि अंगाला असला वास घेऊन पडलास तर गिधाडंसुद्धा फिरकायची नाहीत."

वासाचं तिचं म्हणणं खरं होतं. माणसाचा वास आला की एल्क डोंगर सोडतो, म्हणून वेंडल ऑगस्टपासून साबण लावत नसे, गॅरेजमध्ये झोपत असे, आणि निघायच्या दिवशी माजावर आलेल्या मादीचं मूत बाटलीतून काढून कपड्यांवर शिंपडत असे. ते मूत दुकानात विकत मिळतं. मार्लिसने त्याला निरोप दिला तो हात लांब करून.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोठारात एक नर समोर यावा म्हणून वेंडल धनुष्य ताणून आडव्या ओंडक्यावरून पाय पलीकडे टाकत होता. शेवाळ ओलं होतं. पाय घसरला, ओंडक्याच्या फटीत अडकला आणि घोट्यातून कोरडी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. बाण आकाशात गेला. नर जिथून आला होता तिथे परत गेला.

वेंडलने दोन बाणांची पाती काढून त्यांच्या काड्या पायाला दोन्ही बाजूंनी बांधल्या, धनुष्य ओंडक्याखाली सारलं, आणि मग छातीवरचं यंत्र हातात घेतलं. झाकण उघडलं. अंगठा बटणावर नेला. आणि थांबला.

त्या यंत्राला एकच खोड होती: ते खरं बोलायचं. निरोप जाणार कचेरीत, कचेरी बोलावणार शोधपथकाला, आणि शोधपथकाचा प्रमुख कोण? गार्थ. पथकात कोण? पंपावर कॉफी पिणारेच सगळे. झाडून सगळे शिकारी. गार्थच्या घरी भिंतभर नकाशा होता. त्यावर तो कोठाराच्या जागी टाचणी टोचणार. नंतर टाचणी काढली तरी भोक राहतं.

त्याने झाकण लावलं. घोट्यात कळ आली तसं पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. मरण आणि गार्थ ह्यांत काय निवडावं, अशा पेचात बिचारा बराच वेळ बसला. शेवटी त्याला एक तोड सुचली आणि ती इतकी नामी वाटली की तो एकटाच हसला. खिंड काही फार लांब नव्हती. रांगत खिंड ओलांडायची, पलीकडे किटलीत उतरायचं, आणि मग बटण दाबायचं. जीवही वाचेल आणि कोठारही. शिवाय लोकांची तोंडं कायमची बंद होतील, कारण खुद्द उपग्रह साक्ष देईल की वेंडल किटलीतच शिकार करतो.

तो चार पायांवर निघाला. खरं तर तीन. मागे माग राहू नये म्हणून फर झाडाची एक फांदी कमरेला बांधून ओढत होता.

खिंडीच्या निम्म्या वाटेवर झाडीतून डरकाळी आणि शीळ ह्यांच्या मधला तो आवाज आला, जो ऐकून शिकाऱ्याच्या मानेवरचे केस उभे राहतात. मागोमाग नर बाहेर आला. इतका मोठा नर वेंडलने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. शिंगं म्हणजे दोन वाळलेली झाडं. वेंडलचा हात आपोआप पाठीकडे गेला, आणि त्याला आठवलं की धनुष्य ओंडक्याखाली आहे. दैव देतं आणि कर्म नेतं ते असं.

आता, माजावरच्या नराला सप्टेंबरात एकच उद्योग असतो. माद्या गोळा करायच्या, आणि गोळा केलेल्या पळू द्यायच्या नाहीत. ह्या नराने पाहिलं की एक मादी कळप सोडून खिंडीकडे चालली आहे. चाल जरा वेडीवाकडी, पण वास खणखणीत. त्याने मान लांब केली, शिंगं पाठीला टेकवली आणि वेंडलला आडवा गेला. वेंडल डावीकडे वळला, नर डावीकडे आला. वेंडल उजवीकडे वळला, नराने उजवीकडून फुरफुर केली.

"अरे बाबा," वेंडल कळवळून म्हणाला, "मी त्यातला नाही."

नराने ऐकून घेतलं आणि त्याला हाकलत खाली कळपात नेऊन घातलं.

कळपातल्या माद्या चरता चरता थांबल्या. फाटक्या कानाची एक म्हातारी मादी पुढे आली आणि नव्या सुनेला न्याहाळावं तशी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागली. बाणांनी बांधलेला पाय तिला पसंत पडला नसावा. तिने नाक मुरडलं आणि पुन्हा गवताला लागली. वेंडल गुडघ्यावर तसाच राहिला. कोठारातले जवळजवळ सगळे एल्क त्याच्या हाताच्या अंतरावर होते. त्याने मनात म्हटलं, हे मी पंपावर सांगितलं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? आणि मग त्याच्या लक्षात आलं की हे सांगायचं तर कुठे घडलं तेही सांगावं लागेल. तेव्हा त्याने मनातून तोही विषय काढून टाकला.

दोनदा तो निसटायला गेला आणि दोनदा नराने त्याला परत आणला. दुपार कलली तेव्हा पलीकडच्या उतारावर दुसऱ्या नराने शीळ घातली. आपल्या नवरदेवाला ते सहन झालं नाही. तो तरातरा तिकडे गेला आणि शिंगांची खडाखडी सुरू झाली. एवढी संधी वेंडलला पुरे होती. जीव खाऊन रांगत तो खिंडीत पोहोचला, धापा टाकत पाठीवर पडला आणि छातीवर हात मारला.

यंत्र नव्हतं.

ते कळपातच कुठेतरी पडलं होतं, आणि उघडलेलं झाकण शेवटच्या वेळी लावायला वेंडल विसरला होता. त्या कोठारात एल्क किती, ते मी सांगितलंच आहे. त्यांतल्या एकीचा खूर बटणावर पडायला कितीसा वेळ लागणार? फाटक्या कानाच्या म्हातारीवर माझा संशय आहे, पण पुरावा नाही.

वेंडलला हे कळलं ते हेलिकॉप्टर आल्यावर. त्याच्या डोक्यावरून ते घरघरत गेलं आणि नेमकं कोठारात उतरलं. तोवर खालच्या वाटेने घोडे आले, कुत्री आली, नारिंगी जाकिटं घातलेली माणसं आली. जन्मभर ज्या माणसांपासून त्याने ते खोरं लपवलं ती एकूण एक माणसं तिथे उभी राहून आ वासून एल्क बघत होती. आणि आपला वेंडल? त्याने हात हलवावा, ओरडावं, की नाही? तो झुडपाखाली लपला. त्याचा हिशेब असा: कोठार सापडलं खरं, पण ते माझं होतं हे अजून कुणाला कळलेलं नाही. घोटा मोडलेल्या माणसाच्या डोक्यात ह्याहून शहाणा विचार येत नसेल, तर त्याला दोष देऊ नये. तो पार्श्वभागावर घसरत किटलीत उतरला.

संध्याकाळच्या सुमाराला खाली खेचराच्या गळ्यातली घंटा वाजली.

"वेंडल!"

"इथे!"

मार्लिस एकटीच होती. अंगावर त्याचा जुना कोट, कोटाखाली स्वयंपाकाचा एप्रन तसाच. तिने आधी पाय पाहिला, मग त्याचा चेहरा पाहिला, मग नाकाला पदरासारखा एप्रन लावला आणि त्याच्या गळ्यात पडून रडली.

"तुला कसं कळलं मी इथे आहे ते?" वेंडलने विचारलं.

"कसं म्हणजे? तूच नाही का सांगून गेलास, किटलीला जातो म्हणून?"

"पण ते यंत्र..."

"यंत्र म्हणे तू पलीकडे आहेस! गार्थ नकाशा घेऊन नाचायला लागला. म्हणतो, मार्लिस, यंत्र खोटं बोलत नाही. मी म्हटलं, माझा नवराही बोलत नाही. तर सगळे मेले आपापल्या बुटांकडे बघायला लागले. एकालाही माझ्याबरोबर यावंसं वाटलं नाही. मग मी आपलं खेचर काढलं."

वेंडलला घोटा मोडला तेव्हा रडू आलं नव्हतं. आता मात्र त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. एवढ्या जगात एका माणसाने उपग्रहापेक्षा त्याच्या शब्दाला जास्त मान दिला होता, आणि तो शब्द पहिल्यापासून खोटा होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथेच जमिनीत गडप व्हावं. त्याने तिला सगळं सांगून टाकलं. कोठार, खिंड, लाल माती, चादर.

मार्लिसने एप्रनने डोळे कोरडे केले.

"म्हणजे यंदाच तिकडे गेलास?"

"नाही."

"दिवाणखान्यात शिंगं आहेत तो?"

"तोही तिकडचा."

"आपलं लग्न झालं त्या वर्षी?"

वेंडल खेचराकडे बघू लागला. मार्लिसनेही तिकडे पाहिलं.

"तरीच! वाटभर हे खिंडीकडे ओढत होतं. मी म्हटलं, ह्याला अक्कल नाही, फांदीने झोडपलं रे मी त्याला. ह्या मुक्या जनावराला ठाऊक, आणि मला नाही."

"मार्लिस, तू गार्थला सांगितलं असतंस गं."

"सांगितलं असतं," ती म्हणाली. "त्याचं नाही मला वाईट वाटत." ती खाली दरीकडे बघत होती. दूर तळाशी त्यांचं घर होतं. "भांडी घासताना आपल्या खिडकीतून ही किटली दिसते. तू वर असलास की मी रोज संध्याकाळी दिवा लावते आणि म्हणते, गुड नाईट, वेंडल. मोठ्याने म्हणते. घरात ऐकायला कुणी नसतं म्हणून. इतकी वर्षं मी रिकाम्या डोंगराला गुड नाईट म्हणत होते."

वेंडल रडला, मोठ्याने, आणि मार्लिसने त्याला रडू दिलं.

तिच्या कोटाच्या खिशातला, शोधपथकाने दिलेला वायरलेस खरखरला. गार्थचा आवाज होता. "मार्लिस, इथे यंत्र सापडलं, शेणात पडलंय. वेंडलचा पत्ता नाही. पण काय जागा आहे ही, मार्लिस! एल्कच एल्क! तू कुठे आहेस?"

मार्लिसने वेंडलकडे पाहिलं. मग वायरलेस तोंडाशी धरला.

"किटलीत. सापडला तो. म्हणाला होता तिथेच आहे."

"मग यंत्र इथे कसं आलं?"

"एल्कने नेलं असेल."

"एल्कने?"

"यंत्र खोटं बोलत नाही ना तुझं? मग त्यालाच विचार!" तिने वायरलेस बंद केला. तिचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता, पण वायरलेसवर चेहरा दिसत नाही.

"यापुढे खरी जागा सांगून जाईन," वेंडल नाक पुसत म्हणाला. "शपथ घेतो. कोठार तर गेलंच. दुसरं खोरं शोधेन, आणि आधी तुला सांगेन."

"दुसरं-बिसरं काही शोधायचं नाही. पुढच्या सप्टेंबरपासून तू इथे यायचंस."

"अगं, इथे एल्क नाहीत."

"नसू देत. मी काही माझी खिडकी हलवणार नाही."

तेव्हापासून वेंडल ओस्टगार्ड किटलीत शिकार करतो. कोठारात आता हंगामभर तंबूंना तंबू लागलेले असतात, आणि एल्क शहाणे, ते पहिल्याच वर्षी निघून गेले. पंपावर कुणी विचारलं की वेंडल सरळ सांगतो, "किटलीला." ऐकणारा डोळा मारतो आणि म्हणतो, ह्या म्हाताऱ्याला नवीन खोरं सापडलंय. त्याच्या फ्रीझरमध्ये दुकानातलं बीफ असतं. लोक म्हणतात, लाल मातीनंतर आता हे सोंग. गार्थने दोनदा त्याचा पाठलाग केला. दोन्ही वेळा त्याला वेंडल एका दगडावर बसून सँडविच खाताना दिसला, आणि एवढी पक्की बनवाबनवी बघून तो थक्क होऊन परत गेला.

संध्याकाळ झाली की वेंडल दगडावरून उठतो. खाली दरीत एक दिवा लागतो. तो तोंडाशी दोन्ही हात धरतो आणि बेंबीच्या देठापासून ओरडतो, "गुड नाईट, मार्लिस!" शिकाऱ्याने जंगलात असं ओरडू नये, सगळी जनावरं सावध होतात. पण किटलीत सावध व्हायला आहेच कोण.